पाणी आणि सही

आमच्या श्रीगोंद्यात बाबूभाई शेख यांच्या शर्टाच्या खिशात काय असतं हे एसटीच्या कंडक्टरलाही ठाऊक आहे. पैसे नसतात. तंबाखूची पुडी नसते, कारण माणूस निर्व्यसनी. म्हणजे एक व्यसन आहे, आणि त्याचंच सामान त्या खिशात असतं. पासपोर्ट साईजचे दोन फोटो आणि आधार कार्डाची झेरॉक्स, घाम लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली. कुणाला कधी जामीनदार लागेल ते सांगता येत नाही, म्हणून माणसाने आपलं तयार असावं.

आमच्या भागात पतसंस्था उदंड. पतसंस्था आली की कर्ज आलं आणि कर्ज आलं की दोन जामीनदार आले. कर्जदाराने हप्ते थकवले तर मी भरीन, असं लिहून देणारा तो जामीनदार. त्यामुळे जामीनदार शोधत हिंडणारा माणूस गल्लीच्या तोंडाशी दिसला की शहाणी माणसं मागच्या दाराने शेजाऱ्याकडे जातात. कुणाचं बीपी वाढतं. कुणी "मुलाला विचारून सांगतो" म्हणतो आणि तो मुलगा अंगणवाडीत असतो. माझे वडील सांगायचे, "विहिरीत उडी मार, पण जामीन राहू नको. विहिरीला निदान तळ असतो." मी त्यांचा शब्द पाळला. उभ्या आयुष्यात कुणाला जामीन राहिलो नव्हतो, आणि हे सांगायला मला कधी लाज वाटली नव्हती.

बाबूभाई माझ्या शेजारच्या गाळ्यात. माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान, त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं. उसाला पाणी देणारी मोटार जळाली की लोक ती टेम्पोत घालून त्यांच्याकडे आणतात. ते आतली जळकी तार उपसून काढतात आणि नवी तांब्याची तार भरतात. हात असा की त्यांनी भरलेली मोटार विजेच्या लपंडावात इतरांच्या आधी जळत नाही. गिऱ्हाईक आलं की आधी माठातलं पाणी, मग स्टूल, मग चहा. आणि चहा संपता संपता गिऱ्हाईक जरा घुटमळायला लागलं की बाबूभाई स्वतःच विचारणार, "कुठली संस्था?"

"पानी आन् सही, दारात आलेल्याला न्हाई म्हनू नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की झेरॉक्स मशीनलाही ते पाठ झालं असावं.

सही करण्याचा त्यांचा एक सोहळा असे. आधी हाताला लागलेलं व्हार्निश रॉकेलने पुसायचं. मग खुंटीवरची टोपी डोक्यावर ठेवायची. मग कागद मोटारीवर नाही, टेबलावरच ठेवायचा, आणि "बाबू इमाम शेख" असं पूर्ण नाव, एकेका अक्षराला डोक्यावरची रेघ देत, लिहायचं. लिहून झालं की त्यावर हलकेच फुंकर मारायची. पेन बॉलपेनच असे, पण फुंकर चुकायची नाही. कर्जाचा कागद त्यांनी कधी वाचला नाही. "वाचून काय करायचं? पैशे त्याला पायजेत, मला न्हाई," म्हणायचे.

एकदा एक परगावचा माणूस ट्रेझरीचा पत्ता विचारायला त्यांच्या दुकानात शिरला. तो तोंड उघडायच्या आत बाबूभाईंनी पिशवीतून फोटो काढले होते. पत्ता विचारून तो गेला तेव्हा बाबूभाईंचा चेहरा बघवेना. "नुसता पत्ताच पायजे हुता त्याला," असं मला येऊन सांगितलं.

माझ्या मोठ्या झेरॉक्स मशीनच्या कर्जालाही त्यांचीच सही आहे. मी मागितली नव्हती. मी फक्त शेजारी उभा राहून कर्जाचा फॉर्म जरा मोठ्याने वाचत होतो.

हे सगळं पोपटच्या जेसीबीपर्यंत सुरळीत चाललं होतं.

पोपट हे बाबूभाईंचं जुनं गिऱ्हाईक. त्याने जेसीबी घ्यायला एका पतसंस्थेतून कर्ज काढलं. संस्थेचं नाव सांगत नाही, माझंही खातं तिथंच आहे. जेसीबी आला, त्याला हार घातला, पेढे वाटले, बाबूभाईंनी नारळ फोडला. वर्ष सरायच्या आत पोपट जेसीबीसकट नाहीसा झाला. कुणी म्हणे कर्नाटकात आहे, कुणी म्हणे गुजरातेत. एवढं थोरलं पिवळं धूड, पण कुणाला सापडेना. जेसीबीचं कर्ज मोठं, म्हणून पोपटला तीन जामीनदार होते. एक मधल्या काळात वारला. दुसऱ्याने वेळीच सगळं मुलांच्या नावावर करून स्वतःजवळ फक्त चष्मा ठेवला. राहिले बाबूभाई.

संस्थेचा वसुली अधिकारी जप्तीची नोटीस घेऊन आला तेव्हा मी काउंटरवरून सगळं बघत होतो. बाबूभाईंनी त्याला पाणी दिलं, स्टूल दिलं, चहा मागवला. तो बिचारा नवा होता. एवढ्या पाहुणचारानंतर नोटीस कशी काढावी हे त्याला सुचेना. शेवटी बाबूभाईच म्हणाले, "द्या, कुठं सही करायची?" टोपी घातली, पूर्ण नाव लिहिलं, फुंकर मारली. जाताना अधिकारी त्यांना वाकून नमस्कार करून गेला.

रक्कम सांगत नाही, सांगून तुमचाही जीव घाबरेल. बाबूभाईंचं दोन खोल्यांचं घर विकलं तरी अर्धीही भागली नसती. त्यात पोपट एकटा नव्हता. आणखी काही जणांचे हप्ते बाबूभाई गुपचूप भरत होते आणि त्यासाठी स्वतः किराणावाल्याचं, तारवाल्याचं आणि भिशीचं देणं करून बसले होते. हे तेव्हा कळलं.

मग गावाने सल्ले द्यायला सुरुवात केली. फुकटच्या सल्ल्यात आमचा तालुका साखरेइतकाच पुढे आहे. घर भोसरीच्या पुतण्याच्या नावावर करा, हा पहिला सल्ला. दुसरा, आजारी पडा. तिसरा, संस्थेच्या दारात उपोषणाला बसा. बाबूभाईंनी प्रत्येकाला पाणी दिलं आणि ऐकून घेतलं. पैसे देतो असं म्हणणारा कुणी आला नाही, पण एकजण उपोषणाला सोबत बसायला तयार होता.

खरा रस्ता दाखवला भोर वकीलबाईंनी. त्यांच्या शेतातली मोटार भरायला आली होती. मोटार न्यायला त्या स्वतः आल्या, आणि सगळं ऐकून म्हणाल्या, "बाबूभाई, नादारीचा अर्ज करा."

"नादारी म्हंजे दिवाळं?" बाबूभाईंनी विचारलं.

"कोर्टाला सांगायचं की माझ्याच्यानं हे देणं फिटत नाही. जे आहे ते घ्या, ज्यांचं देणं आहे त्या सगळ्यांत वाटा आणि मला मोकळं करा. इंग्रजांच्या काळातला कायदा आहे, अजून चालतो. देणं पाचशे रुपयांच्या वर असलं की अर्ज करता येतो."

"पाचशे?" बाबूभाई विचारात पडले. "मंग अख्खा तालुका पात्र हाय की वो मॅडम."

पण वकीलबाई घाई करणाऱ्या नव्हत्या. अर्ज करायच्या आधी चार गोष्टींचा विचार करा, म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला ऑफिसात बोलावलं. आम्हाला म्हणजे बाबूभाईंना आणि मला. झेरॉक्स लागणार होत्या.

पहिला प्रश्न, संस्था तडजोडीला तयार आहे का. व्याज सोडून एकरकमी काही घेतात का ते आधी विचारा, नादारी हा शेवटचा उपाय. बाबूभाई विचारून आले होते. संस्था व्याज सोडायला तयार होती, पण मुद्दलच आवाक्याबाहेरचं. दुसरी गोष्ट, घर पुतण्याच्या नावावर करायचं नाही. असा व्यवहार कोर्ट मागे जाऊन रद्द करतं आणि वर तुम्ही लबाड ठरता. बाबूभाई माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा, मी म्हनलंच हुतं." त्यांनी असं काहीही म्हटलं नव्हतं.

तिसरी गोष्ट, एकही देणं लपवायचं नाही. इथे अडलं. किराणावाल्याचं नाव घालायला बाबूभाई तयार होईनात.

"त्याला वाईट वाटंल. इतकी वर्षं उधारी देतोय, आन् त्याला कोर्टाची नोटीस धाडू?"

"नाव नाही घातलं तर त्याला त्याचा वाटासुद्धा मिळणार नाही."

"मंग घाला. पन नोटिशीच्या आधी मी जाऊन सांगून येतो."

मग वकीलबाईंनी विचारलं, "आता तुमचं येणं. कुणाकुणाचे हप्ते तुम्ही भरलेत? ते पैसे तुम्हाला कायद्यानं परत मागता येतात. तेही लिहावं लागेल."

"ते येनं न्हाई. ती वळखीची मानसं हायेत."

"बाबूभाई, लपवलंत तर गुन्हा होतो."

तेव्हा कुठे नावं बाहेर पडू लागली, पण प्रत्येक नावाबरोबर एक वकिली. "ह्याचं लिहा, पन कंसात लिहा की त्याची बायकू दवाखान्यात हुती. ह्याचं लिहा, पन त्याची म्हैस मेली त्या साली, तेबी लिहा." वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. अर्जाला कंस नसतो, असं त्यांनी दोनदा सांगितलं. तिसऱ्या नावाला त्यांनी स्वतःच कंस घातला.

मग त्यांनी पुढचं सांगितलं. घर जाईल. गाळा भाड्याचा आहे तो राहील. वाइंडिंगचं मशीन, पक्कड, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी यांना कुणी हात लावणार नाही, कारण कारागिराची हत्यारं कायदा घेत नाही. एकदा कोर्टाने नादार ठरवलं की संस्थेला कोर्टाला विचारल्याशिवाय दारात येता येणार नाही. काही काळाने कोर्टाकडे मुक्ततेचा अर्ज करायचा, तो मंजूर झाला की नव्याने सुरुवात. तोवर निवडणुकीला उभं राहता येणार नाही आणि पन्नास रुपयांच्या वर उधारी करायची तर आधी समोरच्याला सांगायचं, की मी नादार आहे.

"पन्नासात चार चहा बसत्यात," बाबूभाई म्हणाले. "चार गिऱ्हाइकं आली तर चालंल. पाचव्याला सांगावं लागंल."

"आणि अर्थात," वकीलबाई कागद आवरत म्हणाल्या, "यापुढे तुम्हाला कुणी जामीनदार म्हणून घेणार नाही."

घराचं ऐकून ज्याच्या चेहऱ्यावर रेष हलली नव्हती त्या माणसाचा हात या वाक्याला खिशावर गेला. "कवाच न्हाई?" एवढंच विचारलं. वकीलबाईंनी मोघम काहीतरी सांगितलं. परतीच्या वाटेवर बाबूभाई मोटरसायकलवर माझ्या मागे बसले होते आणि गाव येईपर्यंत तो हात त्यांनी खिशावरून काढला नाही.

बातमी पसरायला आमच्या गावात बातमी लागत नाही, नुसता वास पुरतो. दुसऱ्या दिवशी संस्थेने फळ्यावर सूचना लावली. ज्यांच्या कर्जाला बाबू इमाम शेख जामीनदार आहेत त्यांनी दुसरा जामीनदार आणावा, आणि खाली नावांची यादी. दुपारपर्यंत बाबूभाईंच्या दुकानासमोर गर्दी. एवढी माणसं त्यांच्या सहीवर उभी आहेत हे मलाही माहीत नव्हतं, आणि झेरॉक्स तर सगळ्या मीच काढल्या होत्या.

"बाबूभाई, जरा दिवाळीपस्तोर कळ काढा की," एकजण म्हणाला.

"तुमी नादार झाल्यावर आमी कुनाकडं बघायचं?" दुसरा म्हणाला.

मला संताप आला. हा माणूस बुडतोय आणि हे विचारतायत की आमच्या ओंजळीचं काय. मी तसं बोलणारही होतो, पण माझंही नाव त्या फळ्यावर होतं. बाबूभाई मात्र सगळ्यांची माफी मागत होते. माठ रिकामा झाला तसा दोनदा भरला. मग त्यांनी जे केलं ते कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात नसेल. त्यांनी कर्जदारांच्या जोड्या लावायला घेतल्या. "तू ह्याला सही दे, ह्यो तुला देईल. तुमच्या दोघांच्याबी मोटारी मी भरल्यात, दोघंबी चांगली हायेत." सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थासारखे चार दिवस हिंडले आणि बहुतेकांची लग्नं लावून दिली. मला मात्र त्यांनी कारखान्यातला एक कारकून आणून दिला, त्याला बदल्यात सही नको होती.

अर्ज दाखल करायला आम्ही नगरच्या कोर्टात गेलो. आता अहिल्यानगर, पण स्टँडवर अजून "नगर, नगर" असाच पुकारा होतो. वकीलबाई आत गेल्या आणि आम्ही बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर. शेजारी एक बाई डोळ्याला पदर लावून बसली होती. तिच्या भावाला कुठल्याशा मारामारीत पकडलं होतं, जामीन मंजूर झाला होता, पण जामीन राहायला माणूस मिळत नव्हता. ती हे आपल्या वकिलाला सांगत होती, आम्हाला नव्हे. मी सहज वळून बघितलं तर बाबूभाईंनी टोपी घातलेली, आणि हातात प्लास्टिकची पिशवी.

"कुठं निघालात?" मी त्यांचा दंड धरला. तेवढ्यात भोर वकीलबाई बाहेर आल्या आणि एका नजरेत त्यांना सगळं कळलं.

"बाबूभाई, तुम्ही नादार व्हायला आलाय इथं."

"व्हायला आलोय मॅडम. झालो कुठं अजून?"

त्या दिवशी वकीलबाईंनी ते दोन फोटो काढून घेतले आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवले. त्या बाईला बाबूभाईंनी सही दिली नाही, पण बाहेरच्या टपरीवरून पाण्याची बाटली आणून दिली.

अर्ज दाखल झाला, तारीख पडली. आणि त्या तारखेला संस्थेच्या वकिलाने मेख मारली. साहेब, म्हणाला, मूळ कर्जदार असाच जेसीबी घेऊन पळाला आहे, हेही निकाल लागायच्या आत पळतील. कोर्टाने विचार केला आणि हुकूम दिला. पुढच्या सोमवारी अर्जदाराने आपल्या हजेरीची हमी देणारा एक जामीनदार आणावा. नाही आणला तर दिवाणी तुरुंगात राहावं लागेल.

मला हसू आवरेना. गावभर जामीन राहिलेल्या माणसाला एक जामीनदार आणायचा होता, यात अवघड ते काय. "सुटलात," मी म्हणालो, "नुसती हाळी दिलीत तर रांग लागेल."

बाबूभाई हसले नाहीत.

त्या आठवड्यात ते कुणाकडेही गेले नाहीत. मोटारी भरत राहिले. लोक येत, पाणी पीत, "काय झालं कोर्टात?" विचारत. "चाललंय," म्हणून बाबूभाई विषय व्होल्टेजवर नेत. मला वाटलं, माझ्याकडे येतील. आलेही. रोज येत. काउंटरला टेकून उभे राहत, आधारची झेरॉक्स काढायला लावत, पैसे रोख देत. "थ्री फेजची लाईन रातीची देत्यात, हे काय बरं न्हाई," म्हणत आणि परत जात. मी मनात म्हणत होतो, एकदा माग बाबा. मागितलीस तर बघू. पण मी आपणहून विचारलं नाही. वडिलांची विहीर डोळ्यांसमोर होती.

रविवारी मी हे घरी सांगितलं. बायको पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "ते मागणार नाहीत आणि तुम्ही मागितल्याशिवाय देणार नाही. उद्या ते तुरुंगात आणि तुम्ही दुकानात. दोघंही आपापल्या तत्त्वाला धरून."

जेवण गेलं नाही नीट, हे खरं आहे.

सोमवारी सकाळी पहिल्या गाडीने आम्ही नगरला निघालो. बाबूभाईंच्या हातात कापडी पिशवी. त्यात लुंगी, टॉवेल, दात घासायचं मंजन. तुरुंगात पक्कड नेऊ देतात का, असं त्यांनी मला विचारलं. तिथली पंख्याची मोटार जळालेली असणार, सरकारी पंखे कधी चालत नाहीत, तेवढाच वेळ जाईल. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. घोगरगाव गेलं, मांडवगण गेलं.

कोर्टात नावाचा पुकारा झाला. न्यायाधीशांनी विचारलं, "जामीनदार कोण आहे?"

"कुनी न्हाई साहेब," बाबूभाई हात जोडून म्हणाले. "मी कुनाला इच्यारलंच न्हाई. मला आत टाका, माझी काय तक्रार न्हाई."

भोर वकीलबाईंनी वळून मागे पाहिलं. मी मागच्या बाकावर होतो. पुढे काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही. माझा हात खिशात गेला एवढं आठवतं. वडिलांची आठवण झाली, पण तोवर फोटो बाहेर आले होते. फोटो सहज खिशात राहिले असतील असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण फोटोंबरोबर आधारची झेरॉक्स होती आणि घरपट्टीची पावती होती, आणि घरपट्टीची पावती सहज खिशात राहत नाही.

कारकुनाने फोटो बघितला, मला बघितलं. फोटो डोक्यावर केस होते त्या काळातला. "हे कोण?" त्याने विचारलं. "मीच," मी म्हणालो, आणि जिथे दाखवली तिथे सही केली. आयुष्यातली पहिली. बाबूभाई शेजारी उभे होते. त्यांनी वाकून माझ्या सहीवर फुंकर मारली.

बाहेर व्हरांड्यात आलो तेव्हा बाबूभाई त्याच बाकावर बसले आणि पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "सुभाषशेठ, तुमी इचार करून सांगतो म्हनला न्हाईत."

"तुम्ही विचारलंच कुठं?" मी म्हणालो. "एवढं गावाला सह्या वाटल्यात. एकाला एकदा विचारलं असतं तर काय झालं असतं?"

"एकदा इच्यारलं हुतं," बाबूभाई म्हणाले.

त्यांच्या बायकोला, शमीमभाभींना, जाऊन बरीच वर्षं झाली. मला त्या ओझरत्या आठवतात, दुकानात डबा घेऊन येणाऱ्या. त्याही आधीची ही गोष्ट.

"शमीमचं आपरेशन हुतं पुन्याला. संस्था पैशे द्यायला तयार, पन जामीनदार पायजे. मी निघालो, तर ती म्हनली मीबी येते. आजारी मानूस दारात बघितल्यावर कुनी न्हाई म्हननार न्हाई म्हनली. उनाचं आमी दोघं घरं फिरलो. न्हाई कुनीच म्हनलं न्हाई वो. इचार करून सांगतो म्हनले. आन् बसा, पानी घ्या म्हनले. समद्यांनी पानी दिलं. शेवटच्या घरी तिनं पेला हातातच धरला, पिली न्हाई. म्हनली, आता पानी पुरं झालं, चला घरी."

पिशवीचे बंद ते बोटाला गुंडाळत होते आणि सोडत होते.

"मंग तिच्या भावानं बैल इकून पैशे दिले. आपरेशन झालं, बरी झाली, पुढं लई वर्षं जगली. तसं काय वाकडं झालं न्हाई. पन त्या घरातनं भाईर पडताना तिचं तोंड कसं झालं हुतं ते मी बघितलं. तवाच ठरवलं. आपल्या दारातनं कुनी तसलं तोंड घिऊन जायचं न्हाई. आन् आपुन तर कुनाच्या दारात जायचंच न्हाई."

मी उगाच दोनदा खोकलो. बाबूभाई उठले, टपरीवर गेले आणि पाण्याची बाटली घेऊन आले. रोखीने आणली होती. झाकण फोडून त्यांनी ती माझ्यापुढे धरली आणि मी पिऊन होईपर्यंत समोर उभे राहिले.

मग शेजारी बसले, इकडेतिकडे बघितलं, आणि अगदी आवाज खाली आणून, वडीलधाऱ्याने सांगावं तसं म्हणाले, "येक सांगू का सुभाषशेठ? राग मानू नका. पन अशी कुनालाबी झटक्यात सही देत जाऊ नका. लई वाईट सवय हाय ती."